घरचा चिटणीस

जून १८४४ मध्ये लंडनमधील एका कापडाच्या पेढीत नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने आपल्या सोबत्यांसह यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची स्थापना केली. ही संस्था धर्माधिकाऱ्यांनी तरुणांसाठी काढलेली नव्हती. तरुणांनीच ती आपल्यासाठी उभारली होती. या बरोबरीच्या नात्यातच तिचे बळ होते.

हिंदुस्थानात मात्र या संस्थेचा विस्तार मुख्यतः परदेशी चिटणिसांच्या हातून झाला. १८९० साली डेव्हिड मॅकॉनॉही अमेरिकेतून मद्रासला आले व १८९१ मध्ये अखिल देशाचा संघ स्थापन झाला. या चिटणिसांपाशी अनुभव होता, साधने होती, कळकळही होती. परंतु ज्या घरांतून तरुण येत, त्या घरांची भाषा आणि अडचणी त्यांना दुसऱ्याच्या तोंडून जाणून घ्याव्या लागत.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग मंडळीतूनच निघाला. तिरुनेलवेलीकडील एका खेड्यातील पाळकाचे पुत्र वेदनायगम सॅम्युएल अझरया हे १८९५ साली असोसिएशनचे चिटणीस झाले. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. माणसे, पैसा व कारभार ही तिन्ही भारतीय असावीत, हे त्या सोसायटीचे सूत्र होते.

घरचा माणूस नेमला म्हणजे सर्व साधले, असे मात्र नव्हे. १९१० साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत अझरयांनी नेमके हेच मर्म उघड केले. परदेशी मिशनरी व देशी कार्यकर्ता यांचे नाते पगार देणारा आणि घेणारा एवढ्यावरच थांबते, याबद्दल त्यांनी स्पष्टपणे खंत व्यक्त केली व बरोबरीची मैत्री मागितली. नेमणूक असूनही निर्णयाचा अधिकार नसेल, तर घरचा माणूसही घरात परकाच राहतो. १९१२ च्या अखेरीस अझरया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन पंथाचे ते पहिलेच भारतीय बिशप होत.

१९१६ साली असोसिएशनच्या राष्ट्रीय सरचिटणीसपदी सेलमचे के. टी. पॉल यांची निवड झाली. हा मान प्रथमच एका भारतीयाला मिळाला. शहरातील वाचनालये व क्रीडागृहे यांनी पॉल यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. बहुसंख्य ख्रिस्ती तरुण खेड्यांत आहेत आणि त्यांची कुटुंबे सावकारी कर्जात बुडाली आहेत, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी सहकारी पतपेढ्या आणि ग्रामसुधारणा यांनाही युवककार्यात स्थान दिले.

आपल्यातील माणूस निवडताना ओळखीपाळखीचा व गटबाजीचा धोका असतोच. परंतु आपलेपणा म्हणजे आपल्याच गावापुरते पाहणे नव्हे. तमिळभाषी अझरया दोर्नकलला गेले, तेलुगू शिकले आणि तेथील मंडळीचे झाले. माणूस आपल्यातील असावा, त्याची पारख काटेकोरपणे व्हावी आणि एकदा निवडल्यावर त्याच्या हाती खराखुरा अधिकार द्यावा, हाच या इतिहासाचा बोध आहे.