श्रीवर्धनचे कारकून

कोकणच्या किनाऱ्याने मराठी राज्याला दर्यावर्दी दिले, हे सारेच अभिमानाने सांगतात. त्याच किनाऱ्याने राज्याला कारकूनही दिले, ही गोष्ट मात्र, पुढे इंग्रजी अमदानीत त्या पेशाला जी खर्डेघाशीची कळा आली तिच्यामुळे असेल, थोड्या संकोचानेच सांगितली जाते. वस्तुतः जमाबंदी जाणणारा, रसदेची तजवीज करणारा, दोन वैऱ्यांमध्ये तहाची कलमे ठरविणारा आणि पदरी फौज किंवा किल्ला नसताना केवळ लेखणी व पत यांच्या बळावर एका सरदाराकडून दुसऱ्याकडे चाकरीस जाणारा असामी, असे त्या काळच्या मुत्सद्दी कारकुनाचे खरे स्वरूप होते. हल्ली चार पेढ्यांचा कारभार थोडा थोडा पाहून देणारे जे सल्लागार निघाले आहेत, त्यांना आपले पूर्वज शोधावयाचेच झाले तर श्रीवर्धनला येण्यावाचून गत्यंतर नाही.

श्रीवर्धन परगण्याची देशमुखी भट घराण्याकडे होती आणि मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. कोणत्या गावी भात किती पिकते, कोणत्या वाडीत रोठा सुपारीची किती झाडे फळास आली आहेत, कोणाकडून वसूल येईल आणि कोणाला तहकुबी द्यावी लागेल, हे देशमुखाला तोंडपाठ असावे लागे. रयत आणि हबशी अंमलदार यांच्यामध्ये उभे राहून दोघांचेही बोलणे ऐकण्याची सवय याच घराण्यातल्या, पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांना अशी घरातूनच लागली असली पाहिजे. पुढे सिद्दीशी बिनसले, वतनावर पाणी सोडावे लागले. त्यांचे बंधू जानोजी यांना सिद्दीने समुद्रात बुडविले अशी परंपरागत हकीकत आहे. मिळेल त्या भाकरीतली चतकोर तुमची, असे वचन देऊन बाळाजीपंतांनी वेळासच्या भानू बंधूंना बरोबर घेतले, ही आख्यायिका तर सर्वश्रुतच आहे. त्यांनी चिपळूणच्या मिठागरांवर लिहिण्याचे काम केले असेही सांगतात, आणि ते खरे असेल तर याहून चांगली शाळा त्यांना मिळाली नसती. कारण भरतीचे पाणी कोंडून उन्हात आटवावयाचे, ढीग मोजून वळीव येण्यापूर्वी रवाना करावयाचे, आणि चार दिवसांची दिरंगाई झाली की वर्षाची जमा डोळ्यांदेखत विरघळून गेलेली पाहावयाची, हा मिठागराचा खाक्या आहे.

घाटावर आल्यानंतर रामचंद्रपंत अमात्य आणि धनाजी जाधव यांच्या हाताखाली त्यांचा उत्कर्ष झाला. 1699 ते 1702 पुण्याचे आणि 1704 ते 1707 दौलताबादचे सरसुभेदार म्हणून त्यांचा उल्लेख येतो. हा काळ औरंगजेबाच्या दक्षिणेतील स्वारीचा. एकाच गावाकडे सकाळी मोगलांचा आणि संध्याकाळी मराठ्यांचा वसूलदार यावा, अशी स्थिती होती. अशा मुलखात रोजकीर्द आणि खतावणी चालू ठेवणे, पागेला दाणावैरण पोहोचविणे आणि तरीही कूळ परागंदा होऊ न देणे, हे काम मैदानी लढाईपेक्षा कमी कठीण होते असे मला वाटत नाही. बाळाजीपंतांना घोड्यावर नीट बसता येत नसे, दोन्ही बाजूंनी माणसे धरावी लागत, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो. ज्यांनी ती रचली त्यांना या गृहस्थांचे सामर्थ्य खोगिराबाहेर आहे एवढे कळले होते.

1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी ताराबाईंचा पक्ष सोडून त्यांना मिळाले. त्या मसलतीत बाळाजीपंतांचा हात होता. धन्याचे मीठ खाऊन पक्ष बदलला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु त्यांनी स्वतःचा धनी सोडला नाही, धन्यासह बाजू बदलली. आणि धनाजींच्या पश्चात त्यांचे पुत्र चंद्रसेन जाधव बाळाजीपंतांच्या जिवावर उठले तेव्हा, 1711 मध्ये, शाहूंनी एक नामांकित सेनापती गमावण्याची किंमत देऊन या कारकुनाला पाठीशी घातले व ‘सेनाकर्ते’ हा किताब दिला. त्या किताबातला मर्मार्थ पाहण्यासारखा आहे, कारण फौजा मोडल्या होत्या, खजिना रिता होता, आणि सैन्य चालविणाऱ्यापेक्षा सैन्य उभे करणाऱ्याची निकड अधिक होती.

त्यांच्या हातोटीची खरी कसोटी पुन्हा याच किनाऱ्याने घेतली. 1713 मध्ये कुलाब्याचे कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाने घाटावर चालून आले, लोहगड त्यांनी घेतला आणि खुद्द पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. नोव्हेंबरात मांजरी येथे पेशवाईची वस्त्रे मिळताच बाळाजीपंत आंग्र्यांकडे निघाले. फौज बरोबर होती, पण भिस्त बोलण्यावर होती. सिद्दीचा जाच कान्होजींना रोजचा, आणि श्रीवर्धनच्या भटांनाही तो ठाऊक. घाटावरील ठाण्यांनी दर्याच्या धन्याला काय लाभ, आणि छत्रपतींचा पाठिंबा असल्यास जंजिऱ्यावर किती वजन पडेल, हे कान्होजींना त्यांच्याच हिशेबाने पटवून देता येण्यासारखे होते. फेब्रुवारी 1714 मध्ये, म्हणजे तत्कालीन कागदांच्या भाषेत ‘सन अर्बा अशर मया व अलफ’ या साली, तह झाला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मानले, बहिरोपंतांना सोडले, राजमाचीखेरीज घेतलेली ठाणी परत केली. त्यांची सरखेली आणि किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. प्रतिपक्षाला रिकाम्या हाताने उठू द्यावयाचे नाही, हे या गृहस्थांचे धोरण येथे स्पष्ट दिसते.

1719 च्या दिल्लीच्या स्वारीतून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आल्या, आणि त्यांची वाटणी हा तर अस्सल कारकुनी नमुना. चारशे रुपये आकाराच्या गावाची चौथाई शंभर धरली, तर पंचवीस राजबाबती, सहा साहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे, तीन नाडगौडा म्हणून राजाच्या मर्जीने द्यावयाचे, आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांना. सरदेशमुखीचे चाळीस राजाचे वेगळेच. हे हक्क मुद्दाम एकमेकांत गुंतविलेले होते, जेणेकरून कोणा एका सरदाराला सलग मुलूख बळकावता येऊ नये. योजना चतुर खरी. पण तीत प्रत्येक सरदाराला हिशेबनिसाची गरज कायमची निर्माण झाली आणि पुढे मोकासेच जहागिरी होऊन बसले, हा दोष झाकण्याचे कारण नाही.

याच स्वारीत दिल्लीच्या दंग्यात सरदार संताजी भोसल्यांबरोबर वेळासच्या त्याच भानू बंधूंपैकी बाळाजी महादेव भानू कामास आले. एप्रिल 1720 मध्ये सासवडला बाळाजीपंतांचा अंत झाला आणि पेशवाईची वस्त्रे दिल्लीस बरोबर गेलेले त्यांचे पुत्र बाजीराव यांना मिळाली. भानूंकडे असलेली फडणिशीही त्यांच्याच घरी राहिली, आणि दिल्लीत पडलेल्या त्या भानूंचे नातू बाळाजी जनार्दन यांनी, ज्यांना आपण नाना फडणीस म्हणतो, शतकाच्या अखेरीस सबंध राज्याचा कारभार त्याच दफ्तरातून चालविला.