कुत्र्याची डीएनए टेस्ट: जात कशी कळते आणि रिपोर्ट कसा वाचायचा?

"आपला कुत्रा नक्की कोणत्या जातीचा?" असा प्रश्न पडला की आपण मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि गूगल लेन्सला विचारतो. पण ते उत्तर म्हणजे फक्त दिसण्यावरून बांधलेला अंदाज असतो.

फोटो का फसवतो?

२००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जातिवंत कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार (लांब, कुरळे, दाढी-मिशीवाले) फक्त तीन जीन्सवर ठरतात. कुत्र्याकडे एकूण जीन्स असतात सुमारे २० हजार! म्हणजे अंगावरचे केस लॅब्रॅडॉरसारखे असले, तरी आतला कुत्रा लॅब्रॅडॉर असेलच असं नाही.

टेस्ट कशी होते?

१. किटमधला स्वॅब कुत्र्याच्या गालाच्या आतल्या बाजूला घासायचा. रक्त काढावं लागत नाही. त्याआधी थोडा वेळ त्याला खायला देऊ नका.
२. स्वॅब लॅबला पाठवायचा आणि मोबाइलवर किटचा नंबर रजिस्टर करायचा.
३. लॅब डीएनएमधल्या हजारो ठरावीक जागा तपासते. या जागांना मार्कर म्हणतात.
४. तुमच्या कुत्र्याचे मार्कर कंपनीच्या डेटाबेसमधल्या जातींशी जुळवून टक्केवारी काढली जाते.

कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. मिश्र जातीच्या आईवडिलांच्या पिल्लांमध्ये ही वाटणी वेगवेगळी होते, म्हणून सख्ख्या भावंडांचे रिपोर्टही वेगळे येऊ शकतात.

गावठी कुत्र्याचं काय?

इथे नीट लक्ष द्या. आपला गावठी कुत्रा म्हणजे चार परदेशी जातींची भेळ नाही. तो मुळातच जुना, स्वतंत्र गट आहे. टेस्ट फक्त डेटाबेसमध्ये असलेल्या जातींशीच तुलना करू शकते. त्यात आपले कुत्रे नसतील, तर रिपोर्टमध्ये त्यातल्या त्यात जवळच्या भलत्याच जातींची नावं दिसतील. एम्बार्कसारखी कंपनी यासाठी 'व्हिलेज डॉग' हा वेगळा गट दाखवते. म्हणून किट घेण्याआधी मी एकच सांगेन: डेटाबेसमध्ये भारतीय कुत्रे आहेत का, ते विचारा. कारवान किंवा मुधोळ हाउंड पाळणाऱ्यांनी तर नक्कीच विचारा.

रिपोर्टमधलं कामाचं काय?

माझ्या मते टक्केवारीपेक्षा आरोग्याची माहिती जास्त मोलाची. उदाहरणार्थ, कोली आणि त्याच्या जवळच्या जातींमध्ये एमडीआर-१ नावाच्या जीनमध्ये बदल आढळतो. असा बदल असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा मोठा डोस जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे गोचीड आणि खरजेसाठी हे औषध अगदी सर्रास वापरलं जातं. त्यामुळे रिपोर्टमध्ये हा बदल दिसला तर तो व्हेटला आवर्जून दाखवा. मात्र रिपोर्ट वाचून स्वतःच औषध बदलू नका.

आणि स्वभाव? २०२२ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असतो. तेव्हा रिपोर्टमध्ये एखाद्या 'डेंजर' जातीचं नाव आलं म्हणून घाबरू नका, आणि त्यावरून कुत्र्याला घराबाहेर तर अजिबात काढू नका. तो कालपर्यंत जसा होता, तसाच आजही आहे.