गप्पी हे नाव कुठून आलं?

पावसाळ्यात डास वाढले की आरोग्य खात्याची माणसं विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडतात. हा मासा गप्प राहतो म्हणून गप्पी, असं कुणालाही वाटेल. पण ते एका माणसाचं आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये आल्बर्ट गुंथर यांनी माशाला त्यांचं नाव दिलं. विल्हेल्म पीटर्स यांनी मात्र १८५९ मध्येच त्याचं वर्णन केलेलं होतं. त्यामुळे शास्त्रात पीटर्स यांचं ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’ टिकलं, लोकांच्या तोंडी गप्पी.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. नराचं वीर्य ती कित्येक महिने साठवू शकते, म्हणजे एकटी मादीही नव्या पाण्यात वस्ती उभी करते. घाण पाणीही या माशाला चालतं. याच गुणांमुळे डासांच्या अळ्या खायला माणसानं त्याला जगभर नेलं. आणि याच गुणांमुळे तो एकदा ओढ्यात शिरला की हटत नाही, तिथल्या छोट्या माशांच्या तोंडचा घास पळवतो. त्यांतले काही मासे आधीपासून अळ्याच खात होते. म्हणून गप्पी बंद हौदातच बरा. ओढ्यात सोडू नये.