सात फूट की नऊ फूट? पूलच्या टेबलाचा आणि हौशी खेळाडूचा इतिहास

१/ मार्च १९५४. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या गावी ईस्ट हाय बिलियर्ड क्लबमध्ये विली मॉस्कोनी या विश्वविजेत्याचा प्रदर्शनीय सामना होता. सामना २०० गुणांचा होता. मॉस्कोनीने ते गुण पूर्ण केले आणि जमलेल्या मंडळींसाठी तो पुढे खेळतच राहिला. अखेर त्याचा नेम चुकला तेव्हा सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये गेलेले होते.

२/ हा विक्रम ६५ वर्षे टिकला. मात्र त्याचा उल्लेख आला की पाठोपाठ एक पुस्ती हमखास जोडली जाई : टेबल आठ फुटी होते. अजिंक्यपदाच्या सामन्यांचे टेबल तोवर नऊ फुटी झाले होते आणि त्यापूर्वी ते दहा फुटी होते. मग लहान टेबलावरचा विक्रम पूर्ण मानायचा की उणा? हौशी खेळाडूंना आजही छळणाऱ्या या प्रश्नामागे जागा, पैसा आणि प्रतिष्ठा यांचा मोठा इतिहास आहे.

३/ आधी मोजमाप पाहू. ‘नऊ फुटी’, ‘सात फुटी’ ही स्थूल नावे आहेत. खेळाची जागा समोरासमोरच्या कुशनांच्या कडांमध्ये मोजतात. नऊ फुटी टेबलावर ती १०० × ५० इंच, आठ फुटीवर ८८ × ४४ इंच आणि सात फुटीवर साधारण ७८ × ३९ इंच असते; सात फुटीत उत्पादकानुसार इंच-दोन इंचांचा फरक पडतो. लांबी रुंदीच्या दुप्पट, हा नियम मात्र सर्वत्र सारखा.

४/ म्हणजे सात फुटी टेबलाचे क्षेत्रफळ नऊ फुटी टेबलाच्या जेमतेम ६१ टक्के भरते. चेंडूंचा व्यास मात्र दोन्हीकडे तोच, सव्वादोन इंच. अंगण लहान झाले, पण त्यात वावरणारी माणसे तेवढीच राहिली, असा हा प्रकार आहे. पुढचा सारा वाद या एका विसंगतीतून निघतो.

५/ बिलियर्ड्सचा उगम युरोपात हिरवळीवर खेळल्या जाणाऱ्या एका चेंडूफळीसारख्या खेळात सांगितला जातो. पंधराव्या शतकात तो घरात आला. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे असे टेबल असल्याचे उल्लेख आहेत. टेबलावरची हिरवी बनात ही त्या मूळ हिरवळीची आठवण मानली जाते. त्या काळी टेबलाला ठरीव माप नव्हते. ज्याचे दालन मोठे त्याचे टेबल मोठे.

६/ एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ च्या सुमारास लाकडी पृष्ठाऐवजी पाटीच्या दगडाचा वापर सुरू केला. १८४५ मध्ये व्हल्कनाइज्ड रबराची कुशने आली. लाकूड हवेनुसार वाकते. दगड वाकत नाही. चेंडू अपेक्षेप्रमाणे वळू लागला आणि खेळाला शास्त्राचे रूप आले. पण टेबल इतके जड झाले की त्याला भक्कम जमीन आणि कायमची खोली लागू लागली.

७/ इंग्लंडमध्ये १२ × ६ फुटी टेबल हे ‘पूर्ण आकाराचे’ ठरले. त्याची खेळाची जागा नऊ फुटी पूल टेबलाच्या जवळपास दुप्पट भरते. हेच टेबल ब्रिटिश लष्कराबरोबर आणि क्लबांबरोबर भारतात आले. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने स्नूकरची कल्पना मांडली, असे मानले जाते. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.)

८/ या परंपरेत ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ निराळा होता. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकले. पुढे मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी तेच अजिंक्यपद तीनदा मिळवले. हे ‘हौशी’ विजेते बारा फुटी टेबलावरच घडले. हौशी म्हणजे खेळावर पोट नसलेला. टेबल मात्र पूर्ण आकाराचेच.

९/ अर्थात त्या टेबलापर्यंत पोहोचणे हीच खरी अडचण होती. एवढे टेबल घरी ठेवणे सामान्य कुटुंबाला अशक्य. ते क्लबात, जिमखान्यात किंवा मेसमध्ये असे आणि तेथे शिरायला सभासदत्व लागे. टेबलाचा आकार हा अशा रीतीने दाराशी उभा राहणारा एक मूक पहारेकरीच होता.

१०/ अमेरिकेत वाट वेगळी निघाली. १८५९ साली डेट्रॉइट येथे मायकेल फेलन आणि जॉन सीरायटर यांच्यात १५,००० डॉलरच्या पणाचा गाजलेला सामना झाला. त्या काळचा लोकप्रिय अमेरिकी खेळ चार चेंडूंचा होता आणि तो अकरा-बारा फुटी टेबलांवर खेळला जाई. शतक संपेपर्यंत पंधरा चेंडूंचा पूल पुढे आला आणि दहा फुटी टेबल रूढ झाले.

११/ ‘पूल’ या शब्दाचा अर्थ मुळात सर्वांनी मिळून लावलेल्या पैशांचा गल्ला. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना ‘पूलरूम’ म्हणत. दोन शर्यतींमधला रिकामा वेळ जावा म्हणून तेथे टेबले ठेवली जात. गल्ला आणि टेबल एकाच छताखाली नांदले आणि नाव खेळाला चिकटले. बदनामीही त्यासोबतच आली.

१२/ या सार्वजनिक खोल्यांच्या मालकाला क्लबाची शान परवडणारी नव्हती. गाळ्याचे भाडे भरायचे, तर तेवढ्याच जागेत अधिक टेबले बसली पाहिजेत. विसाव्या शतकाच्या मध्याला अजिंक्यपदाचे टेबलही दहावरून नऊ फुटांवर आले आणि तेच माप आज आंतरराष्ट्रीय पूलचे प्रमाण आहे. सात फुटी टेबलाला ‘कापलेले’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की नऊ फुटी टेबलही कापूनच आलेले आहे.

१३/ दुसऱ्या महायुद्धानंतर खरी उलथापालथ झाली ती नाणे टाकून खेळायच्या टेबलांमुळे. हे टेबल बारच्या मालकाचे नसे. व्यापारी ते पुरवी, दुरुस्ती तोच करी आणि गल्ल्यातली कमाई दोघे वाटून घेत. टेबल छोटे, कारण बारमधली जागा मुळात बसणाऱ्या गिऱ्हाइकांची. नऊ फुटी टेबलाचा दगड सहसा तीन तुकड्यांचा असतो. बारच्या टेबलात तो बहुधा एकसंध असतो. ते हलवले तरी सांधे पुन्हा जुळवत बसावे लागत नाही.

१४/ या यंत्रापुढे एक पेच होता. पॉकेटमध्ये गेलेले रंगीत चेंडू पुढचे नाणे पडेपर्यंत आत अडकून राहिले पाहिजेत. पण पांढरा चेंडू चुकून आत गेला तर तो तत्काळ परत आला पाहिजे. यंत्राला रंग दिसत नाही. म्हणून अमेरिकेत पांढरा चेंडू थोडा मोठा किंवा जड केला गेला. पुढे लोहचुंबकाने ओढला जाणारा चेंडू आला.

१५/ ब्रिटनमधल्या पबांनी त्याच पेचावर नेमका उलट तोडगा काढला. तेथे रंगीत चेंडू दोन इंचांचे आणि पांढरा त्याहून किंचित लहान, पावणेदोन इंचांच्या थोडा वर. यंत्रासाठी केलेल्या या तडजोडीची किंमत खेळाडूने मोजली. जड पांढरा चेंडू मागे खेचणे कठीण आणि पुढे नेणे सोपे. हलक्या चेंडूचे नेमके उलट. एकाच्या सवयीचा हात दुसऱ्यावर फसतो.

१६/ याहून मोठा परिणाम खेळाच्या निवडीवर झाला. मॉस्कोनी खेळत असे तो ‘स्ट्रेट पूल’. त्यात चौदा चेंडू गेले की ते पुन्हा मांडायचे आणि उरलेल्या पंधराव्यापासून डाव पुढे न्यायचा. ५२६ चेंडूंसाठी अशा सदतीसहून अधिक मांडण्या लागल्या. नाण्याच्या टेबलावर प्रत्येक मांडणीला नवे नाणे टाकावे लागेल. तेथे हा खेळ रुजणे शक्यच नव्हते.

१७/ उलट ‘एट-बॉल’मध्ये प्रत्येक चेंडू एकदाच आत जातो आणि आठ क्रमांकाचा काळा चेंडू गेला की डाव संपतो. एक नाणे, एक डाव, आणि हरलेल्याच्या जागी रांगेतला पुढचा. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेला हा खेळ हौशी जगाचा मुख्य खेळ झाला, यात त्याच्या गुणांइतकाच त्या नाण्याच्या खाचेचाही वाटा आहे.

१८/ आता कौशल्याचा प्रश्न. लहान टेबल सोपे असते का? समजा, रंगीत चेंडू ठरल्या दिशेपासून एक अंश ढळला. चार फुटांवरच्या पॉकेटपाशी तो सुमारे ०.८ इंच बाजूला जाईल. सात फुटांवर सुमारे दीड इंच. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार इंचांच्या आसपास असते, म्हणजे चेंडूला दोन्ही बाजूंना सव्वा इंचाहून कमी मोकळीक. पहिला फटका आत जातो. दुसरा कडेला आपटून बाहेर राहतो.

१९/ म्हणजे लांब टेबल क्यू मारणाऱ्या हाताची परीक्षा निष्ठुरपणे घेते. हाताची ढब चुकत असेल तर सात फुटी टेबल ते झाकते आणि नऊ फुटी टेबल ते चव्हाट्यावर आणते. पूर्ण आकाराच्या टेबलाचे पुरस्कर्ते इथपर्यंत बरोबर आहेत.

२०/ पण आठवावे : चेंडू तेवढेच, जागा ६१ टक्के. लहान टेबलावर चेंडू एकमेकांच्या वाटेत अडकतात, पुंजके फुटत नाहीत, पांढऱ्या चेंडूला थांबायला जागा सापडत नाही. तेथे नेमापेक्षा योजना मोठी ठरते. कोणता चेंडू आधी, कोणता पुंजका केव्हा फोडायचा, पांढरा कुठे उभा करायचा, हे आधीच ठरवावे लागते. मोठ्या टेबलावर घडलेले खेळाडू बारच्या टेबलावर गोंधळतात ते याच कारणाने.

२१/ १९७० च्या दशकाच्या अखेरीस हौशी खेळाडूंच्या लीग देशव्यापी झाल्या. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या लीगमधून पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन उभी राहिली. त्यांनी नवशिक्याला सूट देणारी गुणपद्धत बांधली आणि सामने जिथे टेबले होती तिथेच, म्हणजे मुख्यतः बारमधल्या सात फुटी टेबलांवर, भरवले.

२२/ हा निर्णय वरवर साधा वाटतो. पण क्लबाच्या जगात खेळाडूने टेबलाकडे जायचे असे. लीगने स्पर्धाच खेळाडूच्या रोजच्या टेबलाकडे नेली. दिवसभर कामावर राबून संध्याकाळी खेळणारी माणसे राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचू लागली. तरीही ‘बार बॉक्स’ हे सात फुटी टेबलाचे टोपणनाव पुष्कळदा हेटाळणीच्या सुरातच उच्चारले गेले.

२३/ घरासाठी टेबल घेणाऱ्यांची एक समजूतही तपासून पाहावी. क्यूची लांबी साधारण ५८ इंच. चहूबाजूंनी तेवढी मोकळी जागा हवी. या हिशेबाने नऊ फुटी टेबलाला सुमारे १८ × १४ फुटांची खोली लागते आणि सात फुटीला सुमारे १६ × १३ फुटांची. टेबल दोन फुटांनी घटले तरी खोली फारशी घटत नाही, कारण क्यू तेवढीच राहते. बारा फुटी खोलीत सात फुटी टेबल बसवले तर भिंतीशी झगडा अटळ आहे.

२४/ मग हौशी खेळाडूने काय करावे? इतिहासातून निघणारे उत्तर व्यवहारी आहे. सामने ज्या टेबलावर व्हायचे त्याच टेबलावर मुख्य सराव करावा, कारण तेथील पांढरा चेंडू आणि तेथील गर्दी यांची सवय दुसरीकडे लागत नाही. संधी मिळेल तेव्हा मोठ्या टेबलावर जाऊन हात तपासून घ्यावा. एक टेबल डोके शिकवते, दुसरे हात.

२५/ आता पुन्हा स्प्रिंगफील्डकडे. मे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन श्मिट याने नऊ फुटी टेबलावर सलग ६२६ चेंडू घातले; २०२२ मध्ये जेसन शॉ ७१४ वर पोहोचला. आकड्यापुरता वाद तेथे मिटला. मात्र या दोघांचे प्रयत्न विक्रमासाठीच योजलेले होते. निवडलेले टेबल, चित्रीकरण आणि दिवसेंदिवस पुनःपुन्हा केलेला आरंभ यांतून ते आकडे आले.

२६/ मॉस्कोनी विक्रम करायला गेलाच नव्हता. टेबले बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीच्या वतीने तो गावोगावी प्रदर्शने करीत असे, आणि जेथे जाई तेथे जे टेबल असेल त्यावर खेळे. स्प्रिंगफील्डच्या त्या क्लबात आठ फुटी टेबल होते. ते पाहून त्याने खेळायला नकार दिला असता, तर ५२६ हा आकडा जन्मालाच आला नसता.

२७/ त्या खेळाचे चित्रीकरण नाही. आहे ते एक प्रतिज्ञापत्र. सलग ५२६ चेंडू गेल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले, अशा आशयाच्या त्या कागदाखाली हजर असलेल्या तीसहून अधिक लोकांच्या सह्या आहेत. बाहेरच्या जगाने त्या टेबलाला पुढे ‘लहान’ म्हटले. सह्या करणाऱ्यांच्या गावात तेच टेबल होते, आणि त्या दिवशी जगातला सर्वोत्तम खेळाडू त्यांच्या टेबलावर खेळला होता.