राब, वरकस आणि भाताचे उत्पन्न

शेतीतील ऊर्जेचा विचार बहुधा पंप, ट्रॅक्टर आणि रासायनिक खते यांच्यापासून सुरू होतो. तथापि यंत्रपूर्व शेतीसही माणसाच्या व बैलाच्या श्रमाखेरीज बाहेरून आणलेली ऊर्जा लागत असे. ती कोठून येई, याची साक्ष उत्तर कोकणातील भातशेतीचे दोन शब्द देतात : ‘राब’ आणि ‘वरकस’.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रोपांच्या वाफ्यावर शेण, झाडांचा टाहाळ, पालापाचोळा व गवत पसरीत आणि पावसापूर्वी ते पेटवीत. या साहित्यास व भाजणीसही ‘राब’ हीच संज्ञा होती. उष्णतेने तणाचे बी नष्ट होई, राखेतून पालाश मिळे आणि पहिल्या पावसाबरोबर रोप जोमाने वाढे. नाचणी-वरीसारखी पिके व राबाचा पाला देणारी डोंगरउताराची हलकी जमीन ती ‘वरकस’. म्हणजे खाचरात पिकणाऱ्या भाताच्या मागे वरकस जमीन आणि तिच्या पलीकडील रान उभे असे.

हा संबंध इंग्रजी राजवटीत वादाचा विषय झाला. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील निर्बंध वाढले. वनखात्याच्या दृष्टीने टाहाळ तोडणे ही झाडांची हानी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो पुढील हंगामाचा आधार होता. लोकांच्या तक्रारींमुळे १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. कृषिरसायनज्ञ डॉ. जे. ए. व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाचा परामर्श घेतला. वादाचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत होते. खाचर महसुलाच्या वहीत, जंगल वनखात्याच्या वहीत. दोहोंना जोडणारा राब मात्र कोणत्याच वहीत पुरता मावत नव्हता.

१९६६ मध्ये ‘आयआर-८’ हे बुटके वाण प्रसृत झाले. उंच देशी भात अधिक नत्र मिळताच लोळे. बुटके वाण ते पचवून दाणा देई. अशा वाणांबरोबर उत्पन्न वाढले, पण ऊर्जेचे उगमस्थानही बदलले. नत्रखताचा पाया असलेला अमोनिया करण्यास, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कार्यक्षम कारखान्यातही, टनामागे सुमारे ३० गिगाज्यूल ऊर्जा लागते. १९८० नंतरच्या दशकात अलिबागजवळ थळ येथे सागरी वायूपासून युरिया तयार होऊ लागला. ज्या जिल्ह्याचे भात पूर्वी डोंगरावरील पाल्यावर पोसले जाई, त्याच जिल्ह्यात आता समुद्रतळाखालील इंधनापासून खत निर्माण होऊ लागले.

पुढे डॉ. ना. कृ. सावंत यांच्या ‘चारसूत्री’ पद्धतीने भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालण्यास सांगितले. युरिया-डीएपीच्या गोळ्याही त्याच पद्धतीचे अंग होत्या. हे राबाचे पुनरुज्जीवन नव्हे. राख आणि पाला या जुन्या साधनांस नव्या खताच्या काटकसरीशी जोडण्याचा तो प्रयत्न होता.

यावरून एक निष्कर्ष निघतो. एकरी उत्पन्नाचा आकडा केवळ त्या एकराचा नसतो. राबाच्या काळातील आकडा वरकस वगळून वाचला, तर जुनी शेती आहे त्याहून स्वयंपूर्ण वाटते. आजचा आकडा वायू वगळून वाचला, तर नवी शेती आहे त्याहून काटकसरी वाटते. दोन काळांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने उत्पन्नाच्या रकान्याशेजारी ऊर्जेच्या उगमाचा रकाना मांडणे म्हणूनच अगत्याचे आहे.