शुक्रवारचे चित्रकार

आग्र्याला ताजगंज भागात एका रस्त्याला डॉ. एम. मियाझाकी या जपानी डॉक्टरांचं नाव दिलेलं आहे. ताजमहाल पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं त्या पाटीकडे लक्ष जात असेल. त्याच रस्त्यावर कुष्ठरोगावर संशोधन करणारी 'जालमा' ही संस्था आहे. 1960च्या दशकात जपानी लोकांच्या मदतीतून ती उभी राहिली आणि 1976 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे आली. मियाझाकी मात्सुकी हे तिचे संस्थापक. उतारवयात ते आपला देश सोडून इथल्या रुग्णांसाठी आले. जून 1972मध्ये दिल्लीजवळ एक जपानी विमान कोसळलं, त्यात त्यांचा अंत झाला. अशा माणसाचं नाव आपण रस्त्याला दिलं, हे चांगलंच झालं.

पण आज मी बोलणार आहे ते त्यांच्या आधीच्या रुग्णांविषयी. भारतात येण्यापूर्वी, 1934 ते 1958 या काळात, डॉ. मियाझाकी जपानच्या क्युशू बेटावरच्या एका कुष्ठरुग्णालयाचे प्रमुख होते. कुमामोतो शहराजवळच्या या रुग्णालयाचं नाव किकुची केइफूएन. 1953 साली तिथल्या काही रुग्णांनी चित्रं काढण्यासाठी एक मंडळ सुरू केलं. मंडळाचं नाव 'किन्योकाई'. जपानी भाषेत शुक्रवारला 'किन्योबी' म्हणतात, म्हणजे कानाला हे 'शुक्रवार मंडळ' वाटतं. लिहिताना मात्र त्यांनी अक्षरं घेतली ती 'सोनं' आणि 'सूर्य' या अर्थाची. मला हे नाव ऐकल्याबरोबर आवडलं. आमच्या घरात शुक्रवार म्हणजे जुम्मा, चार माणसांनी एकत्र जमण्याचा दिवस. शिवाय एका उच्चारात दोन अर्थ बसवणारा माणूस कवीला आपला वाटतोच.

ही माणसं तिथे कशी आली, ते आधी सांगायला हवं. जपानने 1907 साली कुष्ठरोगाविषयी पहिला कायदा केला. देवळांच्या आसपास भीक मागत फिरणाऱ्या रुग्णांना गोळा करून ठेवावं, एवढाच त्याचा रोख होता. केइफूएन 1909 साली उघडलं ते त्याच कायद्याखाली. 1931 साली दुसरा कायदा आला आणि घरी राहणाऱ्या रुग्णांनाही सक्तीने नेण्याची सोय झाली. 'आमच्या प्रांतात एकही कुष्ठरोगी नाही' असं म्हणता यावं म्हणून प्रांताप्रांतात मोहिमा निघाल्या. शेजारी शेजाऱ्याची खबर देऊ लागले. कुमामोतोच्या होनम्योजी मंदिराजवळ रुग्णांची एक जुनी वस्ती होती. 9 जुलै 1940 रोजी तिच्यावर छापा घालून 157 जणांना पकडण्यात आलं आणि वेगवेगळ्या रुग्णालयांत पाठवण्यात आलं.

आत गेल्यावर काय व्हायचं? जवळचे पैसे काढून घेत आणि त्याबदली फक्त आतच चालणारं चलन देत, म्हणजे पळून गेलं तरी खिशात काही उरू नये. लग्नाला परवानगी होती, पण 1915पासून रूढ झालेली अट अशी की नवऱ्याने आधी नसबंदी करून घ्यायची. दिवस राहिलेल्या बायकांचे गर्भपात केले जात. आणि पुष्कळ जण स्वतःचं नाव टाकून नवं नाव घेत. घराला बट्टा लागू नये, बहिणीचं लग्न मोडू नये, म्हणून. काही घरांनी तर असा माणूस आपल्यात होता, हेच पुसून टाकलं. मेल्यावरही अस्थी न्यायला कुणी येत नसे. म्हणून तिथल्या प्रत्येक रुग्णालयात अस्थी ठेवण्याची वेगळी वास्तू आहे.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 सालीच शोधला होता. तो सहजासहजी लागत नाही, हेही हळूहळू कळलं होतं. 1940च्या दशकात गुणकारी औषध निघालं आणि युद्धानंतर ते जपानमध्ये पोचलं. रुग्ण बरे होऊ लागले. आता दार उघडेल, असं आतल्या लोकांना वाटलं असणार. पण नोव्हेंबर 1951मध्ये तीन रुग्णालय-प्रमुखांनी संसदेत साक्ष दिली की सक्ती अजून कडक करावी. त्या तिघांत डॉ. मियाझाकी होते. रुग्णांनी उपोषणं केली, टोकियोत धरणं धरलं. तरीही 1953 साली नवा कायदा झाला आणि कोंडवाडा कायम राहिला.

त्याच वर्षी किन्योकाई सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस कुमामोतोत आणखी एक प्रकरण पेटलं. केइफूएनमधल्या रुग्णांची निरोगी मुलं एका वसतिगृहात राहत. त्यांना गावातल्या प्राथमिक शाळेत घेण्याची वेळ आली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच बंद केलं. मुलांच्या शाळेवरून बाहेर शहर भांडत होतं, आणि आत काही माणसं कागदावर रंग लावायला बसली होती.

रंग लावणं सोपं नव्हतं. हा रोग नसांवर हल्ला करतो. बोटांना स्पर्श कळेनासा होतो, भाजलं-कापलं तरी समजत नाही, बोटं आखडतात, झिजतात. पापणी मिटेनाशी झाली की डोळाही जातो. अशा हातात ब्रश धरायचा म्हणजे काय, हे ज्याने साधं पेन्सिलीला टोक केलं आहे त्याला सहज कळेल.

त्यांनी काय काढलं? मला वाटायचं, जखमा काढल्या असतील, कुंपण काढलं असेल. पण या मंडळाची जी चित्रं पुढे लोकांसमोर आली, त्यांत जास्त करून गाव आहे, समुद्र आहे, झाडं, फुलं आहेत. कुणी दक्षिणेकडच्या अमामी बेटांवरून आलेला, त्याच्या कागदावर ती बेटं उतरली. किनोशिता केसायोशी या चित्रकाराचं एक चित्र प्रसिद्ध आहे. नाव 'सहल', साल 1996. विषय लहानपणीच्या शाळेची सहल. ते काढताना त्यांचं वय 80च्या पुढे होतं. ज्या गावात परत जाता येत नाही, ते गाव ही माणसं वर्षानुवर्षं आठवणीतून काढत राहिली. समोर मॉडेल नव्हतं, फोटोही क्वचितच असेल. झाड कुठे होतं, वाट कुठे वळत होती, हे विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा काढायचं.

हे फक्त केइफूएनमध्ये घडलं असं नाही. टोकियोजवळच्या तामा झेन्शोएन या रुग्णालयातही चित्रकलेची परंपरा जुनी आहे. तिथल्या राष्ट्रीय हॅन्सन रोग संग्रहालयाने 2023 साली तिथल्या चित्रकलेच्या 100 वर्षांवर प्रदर्शन भरवलं होतं.

कायदा रद्द व्हायला 1996 साल उजाडावं लागलं. 1998 साली केइफूएन आणि आणखी एका रुग्णालयातले 13 जण सरकारविरुद्ध कोर्टात गेले. 11 मे 2001 रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने निकाल दिला. 1960 सालानंतर तरी या सक्तीला काही आधार उरला नव्हता आणि ती घटनेविरुद्ध होती, असं न्यायालयाने म्हटलं. पंतप्रधान कोइझुमी यांनी अपील न करण्याचं ठरवलं. पुढच्या वर्षी कुमामोतो शहराचं आधुनिक कला संग्रहालय उघडलं, आणि किन्योकाईची चित्रं शहरातल्या भिंतींवर लागायला लागली. मंडळाची 800हून अधिक चित्रं आज जतन झालेली आहेत. अमामीच्या चित्रकाराची चित्रं अमामीला प्रदर्शनासाठी जाऊन आली. माणूस गेला नाही, चित्र गेलं.

सगळं गोड झालं, असं मात्र समजू नका. 2003च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कुमामोतो प्रांतातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या एका हॉटेलने केइफूएनच्या लोकांना खोल्या नाकारल्या. हॉटेलची माफी रुग्णांना मनापासूनची वाटली नाही, त्यांनी ती स्वीकारली नाही. तेव्हा रुग्णालयात निंदेच्या पत्रांचा पाऊस पडला. दया दाखवली की ती मुकाट्याने घ्यावी, तिची पारख करू नये, असं पत्रं लिहिणाऱ्यांचं म्हणणं होतं.

मला वाटतं, डॉ. मियाझाकींचं कोडं इथेच आहे. ते दुष्ट नव्हते. आग्र्यातलं काम खोटं नव्हतं. पण रुग्णाच्या भल्याचं आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, ही खात्री त्यांच्या करुणेत मिसळलेली होती. आग्र्याच्या रस्त्यावर त्यांचं नाव आहे आणि त्यांच्या कितीतरी रुग्णांना स्वतःचं नावसुद्धा वापरता आलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक पाटीवर वाचता येते, दुसरी कळायला ही चित्रं पाहावी लागतात.

आणि आपण जपानकडे बोट दाखवावं, असंही नाही. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, त्याच महाराष्ट्रात 'महारोगी' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. इंग्रजांनी 1898 साली केलेला कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा आपल्या देशात 2016 साली पुसला गेला. जोडीदाराला कुष्ठरोग झाला म्हणून काडीमोड घेण्याची मुभा हिंदू विवाह कायद्यात होती, तशी मुस्लिमांसाठीच्या 1939च्या कायद्यातही होती. एरवी दोन बाजूंना असणारे आपले कायदे या एका बाबतीत एकमताचे होते. औषधाने रोग पूर्ण बरा होतो, हे पाठ्यपुस्तकात येऊन जमाना झाला होता. तरी ती मुभा गेली 2019 साली.

जपानच्या या रुग्णालयांत 1950च्या दशकाच्या अखेरीला सुमारे 12 हजार माणसं होती. आज काही शेकडा उरली आहेत, सगळी वृद्ध. ती गेल्यावर साक्ष द्यायला कोर्टाचे कागद असतील आणि ही चित्रं असतील. कधी त्यांतलं एखादं पाहायला मिळालं, तर आजारी हातांचं चित्र म्हणून कौतुक करू नका. कुणाच्या तरी गावाची वाट आहे ती. ती कुठे वळते, तेवढं नीट पाहा.