कीटकनाशक-प्रतिकार निरीक्षण

पिकांवरील किडी कीटकनाशकाला कितपत दाद देतात, हे ठिकठिकाणचे कीटक गोळा करून हंगामागून हंगाम मोजत राहण्याची पद्धत. प्रतिकार हा आनुवंशिक गुण आहे. फवारणीतून वाचलेल्या मोजक्या कीटकांचीच वीण वाढते आणि काही पिढ्यांत नेहमीची मात्रा निष्फळ ठरते.

इतिहास : अमेरिकेत ए. एल. मेलँडर यांनी १९१४ मध्ये सॅन होजे खवले किडीतील प्रतिकार नोंदवला. भारतात शेतीकिडींतील पहिली नोंद १९६३ ची. शिंगाड्यावरील भुंगेरा डीडीटी व बीएचसी यांना जुमानेनासा झाला होता. १९८७ च्या हंगामात आंध्रातील कपाशीवर हिरव्या बोंडअळीविरुद्धच्या पायरेथ्रॉइड फवारण्या वाया गेल्या. पुढे हैदराबादजवळील पाटणचेरूची इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (स्थापना १९७६) येथे या अळीच्या प्रतिकाराचे मोजमाप झाले.

पद्धत : शेतातील अळ्या प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढवतात. पुढच्या पिढीतील सारख्या वजनाच्या अळ्यांच्या पाठीवर कीटकनाशकाच्या द्रावणाचा एक मायक्रोलिटर थेंब ठेवून मेलेल्या अळ्या मोजतात. निम्म्या अळ्या मारणारी मात्रा संवेदनशील अळ्यांच्या तुलनेत किती पट लागते, ते प्रतिकार-गुणोत्तर. नित्याच्या पाहणीत एकच भेददर्शक मात्रा पुरते. ती संवेदनशील अळ्या जवळपास सर्व मारते. जगलेल्यांचे शेकडा प्रमाण प्रतिकाराचा प्रसार सांगते. बीटी हे कपाशीच्या झाडातच तयार होणारे जिवाणूजन्य कीडनाशक प्रथिन; त्याची चाचणी ते खाद्यात मिसळून करतात. कामगंध सापळ्यांतून किडीची संख्या कळते, प्रतिकार कळत नाही.

शेंदरी बोंडअळी : भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये आणि दोन प्रथिनांच्या वाणांना २००६ मध्ये परवानगी मिळाली. गुजरातेत या अळीने पहिल्या प्रथिनाला, क्राय १ एसीला, प्रतिकार मिळवल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. नंतर दुसरेही निकामी ठरू लागले. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. फरदड ठेवणे (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे राखणे) आणि बिगर-बीटी कपाशीचा आश्रयपट्टा न लावणे यांनी प्रतिकाराला हातभार लावला.

उपयोग : प्रतिकार दिसताच वेगळ्या क्रियापद्धतीच्या गटातील औषध निवडता येते, नुसते नाव बदलून त्याच गटातले औषध मारणे व्यर्थ. प्रतिकारक्षम अळ्या शेकड्यात दोन-चार असतात तेव्हा शेतात काहीच जाणवत नाही, चाचणीत मात्र त्या सापडतात. निरीक्षणाचे मोल याच अवधीत आहे. पीक हातचे गेल्यावर केलेली चाचणी केवळ कारण सांगते.